दादाच्या जीपला डिझेलचं इंजिन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आडून सांगत नाही, छाती पुढे काढून सांगतो. पण त्या पायरीपर्यंत मला पोचवलं दादाने, तेही त्याच दमात सांगायला हवं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सातवीला वर्गात दुसरा आला आणि त्याच उन्हाळ्यात त्याची शाळा सुटली. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, केळीच्या बागेत हाताशी माणूस हवा होता आणि दोघांपैकी एकालाच पुढे पाठवणं जमणार होतं. "धाकलाले शिकू द्या," असं दादाच आमच्या अहिराणीत म्हणाला होता. हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. दादाने कधीच नाही.

मी धुळ्याला बी.एस्सी. करत होतो त्या काळात आबांनी दादासाठी एक जुनी जीप घेतली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. आमच्याकडे येईपर्यंत तीन मालक झाले होते. दादाने तिला असं जपलं की गावातली माणसं म्हणत, याचं लग्न झालेलंच आहे, आता बायको कशाला आणायची! आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्यापासून जवळ. दादा आठवड्याला धडगावच्या बाजाराला जायचा. वर जाताना मीठ, गूळ, कापडाचे गठ्ठे आणि जागा उरली तर माणसं. येताना चारोळी, डिंक आणि पुन्हा माणसं. त्या वेळी सातपुड्यात चढणारा रस्ता म्हणजे दगडांवर ओतलेली माती. तिथे मोटार फारशी जात नसे. दादाची जायची.

जायची, पण रडतखडत. इंजिन पेट्रोलचं. त्याला कार्बोरेटर असतो, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारं भांडं. त्यात पेट्रोलने भरलेली एक वाटी आणि वाटीत तरंगणारा पोकळ पितळी गोळा. सपाट रस्त्यावर हे सगळं गुण्यागोविंदाने चालतं. घाटात गाडी तिरपी झाली की वाटीही तिरपी होते. मग इंजिनाला एक तर नको तेवढं पेट्रोल जातं किंवा मुळीच जात नाही. उन्हाळ्यात तर नळीतल्या नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची. दादा ओलं गोणपाट बरोबर ठेवायचा. गाडी थांबली की ते नळीवर गुंडाळायचा आणि आजाऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा शेजारी बसून राहायचा.

एका वैशाखात दादाने एक वऱ्हाड नेलं आणि जीप घाटाच्या मधोमध बसली. गोणपाट, फुंकर, शिव्या, सगळं झालं. शेवटी नवरदेव बाशिंग हातात धरून पायी चढला. जीप दोन बैलांनी ओढून खाली आणली. वऱ्हाड नेण्याचा शब्द आबांनी दिला होता. महिनाभर गावात पारावर एकच बोलणं: "नवरदेव पायी, ना जीप बैलसना मांगे!"

आबा तापट नव्हते. चिडले की ते जास्तच हळू बोलत. पावसाळा संपल्यावर एकदा जेवताना ते हळूच म्हणाले, "दत्तनी जत्रामा इकी टाकू. बैलजोडी लेऊ. तू केळीमा ये."

सारंगखेड्याची जत्रा दत्तजयंतीला भरते. घोड्यांची जत्रा म्हणून ती सगळीकडे ठाऊक आहे, पण गुरं, गाड्या, अवजारं, सगळ्यांचेच सौदे तिथे होतात. आबांनी जीपला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं, गुजरातेकडचा एक लाकडाचा ठेकेदार. दादा उठला. ताट घासून ठेवलं, बाहेर गेला आणि भर दुपारी जीप धुवायला लागला. आदल्याच दिवशी धुतलेली जीप.

मी तेव्हा नुकताच शहाद्याला एका शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. दादा जीप धूत होता आणि मागे नदीवर पंप चालू होता, टुक टुक टुक. आमच्या काठावर तेव्हा जागोजाग डिझेलचे पंप बसले होते, नदीचं पाणी केळीला आणि उसाला चढवायला. तो आवाज मी लहानपणापासून ऐकत होतो. त्या दुपारी मात्र तो मला बी.एस्सी. झालेल्या कानांनी ऐकू आला. डिझेलच्या इंजिनाला कार्बोरेटर नसतोच! तिथे एक छोटा पंप डिझेल मोजून घेतो आणि बारीक तोंडाच्या नोजलमधून थेट सिलिंडरच्या आत फवारतो, इतक्या दाबाने की बोट धरलं तर कातडी फाटेल. वाटी नाही, गोळा नाही, ठिणगीसुद्धा लागत नाही. गाडी तिरपी होवो नाहीतर नदीत उतरो, त्याला काही फरक पडत नाही.

"आबा," मी म्हणालो, "मी जीपले डिझेलवर आनसू. जत्रालोंग थांबा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पुस्तकमा घाट चढस का रे?"

"थांबा ते खरं."

"जत्रालोंग," आबा म्हणाले. "मंग नही."

कळसाडीकडचे एक मिस्तरी आमच्या काठावरचे सगळे पंप दुरुस्त करत. सही करण्यापुरतं लिहिता यायचं, पण पंपाचा आवाज ऐकून लांबूनच सांगायचे की याचा कोणता बोल्ट ढिला आहे. मी त्यांना बोलावलं. त्यांनी जीपला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि मला म्हणाले, "मास्तर, पंपले एकच चाल ऱ्हास. गाडीले कधी पळनं पडस, कधी रांगनं पडस. पंपनं इंजिन इले चालाव नही." ते खरंच होतं. नदीवरचं इंजिन एका सिलिंडरचं, सावकाश चालणारं. म्हणून आम्ही तिघे रेल्वेने सुरतला गेलो आणि भंगारातून एक चार सिलिंडरचं डिझेल इंजिन शोधून आणलं, एका मोडलेल्या लहान विलायती मालमोटारीचं. त्याच्यासोबत तेलाने माखलेली एक इंग्रजी पुस्तिका मिळाली. ती हातात आली तेव्हा मला पदवीदान समारंभापेक्षा जास्त आनंद झाला. ती वाचू शकणारा पंचक्रोशीत मी एकटा होतो, आणि ते मी चारचौघांना ऐकवलंही.

इंजिन जीपच्या जागेत मावेना. चेसिसची, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याची, एक आडवी पट्टी कापून खाली घ्यावी लागणार होती. मिस्तरी करवत घेऊन थांबले. "एकदाव कापं ते मांगे फिरता येवाव नही," ते म्हणाले. जुनं इंजिन पुन्हा बसलं नसतं आणि कापलेली, बंद जीप त्या ठेकेदाराने भंगाराच्याच भावात घेतली असती. मी दादाकडे पाहिलं. माझं म्हणणं चुकलं तर मी शाळेत जाऊन फळ्यावर खडू घासत बसणार होतो. केळीच्या बागेत जन्मभर जाणार होता तो.

दादाने मला एकच विचारलं, "तुले समजस ना हाई सगळं?"

"समजस."

त्याने मिस्तरींच्या हातातून करवत घेतली आणि पट्टी स्वतः कापली.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस म्हणायला हरकत नाही. सुट्टी संपली तरी मी शाळा सुटल्यावर आणि रविवारी सायकलवरून गावी यायचो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधली जाड पट्टी शहाद्याला लेथवर करून घेतली. नवं इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या कमानींत एकेक पाटा वाढवला. फवारा नेमका कधी सुटावा, त्याची जुळणी हे सगळ्यात नाजूक काम. पुस्तिकेत अंश दिले होते, पण अंश मोजायला आमच्याकडे काही नव्हतं. मी फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, दोरा गुंडाळला, तो मोजून भागाकार केला आणि खडूची खूण केली. मिस्तरींनी नोजलकडे जाणारी नळी सोडली, दादा चाक इंचाइंचाने फिरवत राहिला आणि मिस्तरी नळीच्या तोंडाशी डोळा लावून बसले. तिथून डिझेलचा थेंब थेंब येत होता. "थांबना!" ते ओरडले. थेंब थांबतो तिथून फवारा सुरू होतो. आम्ही पाहिलं तर माझी खडूची खूण आणि त्यांचा थांबलेला थेंब यांत नखाएवढाच फरक. मिस्तरींनी मला पहिल्यांदा चहा पाजला.

एक वस्तू मात्र मिळेना. डिझेल गाळायच्या भांड्यातली आतली गाळणी कुजून गेली होती आणि ती शहाद्यात नाही, धुळ्यातही नाही. मी म्हणालो, त्यात काय, आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत कापसातून गाळायचो. आणि कापूस तर आमच्या घरचाच, असा लांब धाग्याचा की व्यापारी चिमटीत ओढून पाहून मान हलवायचे. आईने सरकी काढली, कचरा वेचला, देवाच्या वातींसाठी पिंजते तसा पिंजून दिला. मी स्वतः भांड्यात गच्च भरला. पंपाला मिस्तरी धोतराचं जुनं फडकं वापरायचे. त्यांनी कापसाकडे पाहून तोंड वाकडं केलं होतं, पण मास्तरापुढे बोलले नाहीत.

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. काळा धूर, मग पांढरा, मग नुसता आवाज, असा की पारावरची कबुतरं उडाली. दादाने जीप गावातून एक फेरी मारून आणली, ऐटीत थांबवली आणि चावी फिरवून काढून घेतली. इंजिन चालूच.

"दादा, बंद कर!" मी ओरडलो.

"बंदच शे! चाबी मन्हा हातमा शे!"

"भूत बठनं वं माय गाडीमा!" एक म्हातारी दोन पावलं मागे सरली. दादाने चावी पुन्हा घातली, पुन्हा काढली. इंजिन हसत असल्यासारखं चालत राहिलं. पेट्रोलच्या इंजिनाची ठिणगी तोडली की ते मरतं. डिझेलला ठिणगीच नसते, त्याचं डिझेल तोडावं लागतं. मिस्तरी पोट धरून हसत होते. मनसोक्त हसून झाल्यावर त्यांनी बॉनेटखाली हात घालून पंपाचा लहानसा दांडा ओढला. मग एकदम शांतता. त्या दांड्याला तार बांधून ती दादाच्या सीटपाशी आणण्याचं आम्ही तिघेही विसरलो होतो.

जत्रा सुरू झाली आणि मी शाळेतून रजा घेऊन आलो. आबा घोडेवाल्यांमध्ये जाऊन बसले. ठेकेदार तिसऱ्या दिवशी येणार होता. पहिल्या दिवशी मी, दादा आणि मिस्तरी मिठाची पोती भरून घाटाला निघालो. खालचा चढ जीपने असा घेतला की दादा गाणं म्हणायला लागला. निम्म्या घाटात ती अडखळली. एक सिलिंडर बंद पडलं, मग दुसरं, मागे धुराचा लोट आणि गाडी मुंगीच्या चालीने. मग थांबलीच. पायी घाट चढणाऱ्या पावरा आदिवासींच्या एका घोळक्याने चाकामागे दगड लावले आणि आपसांत काहीतरी बोलून हसत ते पुढे गेले. बोली मला कळली नाही, हसणं कळलं.

मिस्तरींनी धोतर पसरून त्यावर एक नोजल काढून ठेवलं. टोकाशी केसापेक्षा बारीक, पांढरं काहीतरी होतं. मी गाळणीचं भांडं उघडलं. गच्च भरलेला कापूस डिझेल पिऊन मुठीएवढा आकसला होता आणि त्याचे धागे सुटून पुढे गेले होते. कार्बोरेटरच्या भोकातून असा धागा कदाचित निघूनही गेला असता. नोजलच्या भोकातून नाही.

दादा तोवर गाडीखालून बाहेर आला. त्याने भांड्यातलं डिझेल हुंगलं. "खराब डिझेल दिधं त्यानी. खाले गऊ का त्याना गळाच धरसू." डिझेलचे पिंप आणून विकणारा दोंडाईच्याचा एक साधा माणूस होता. आणि दादा तोंडाने बोलला की तसं करूनही दाखवायचा. मिस्तरी माझ्याकडे पाहत होते. त्यांना कळलं होतं, आणि ते काहीच बोलणार नव्हते, हेही मला दिसत होतं. मी गप्प राहिलो असतो तर मास्तरकी शाबूत राहिली असती.

"दादा, त्याना काही दोष नही," मी म्हणालो. "कापूस मी भरा व्हता. धागा नोजलमा गया."

"कापूस?"

"हां."

"आपला?"

"आपलाच. मायनी पिंजेल."

दादा खाली बसला. मला वाटलं आता हा काय करेल देव जाणे. त्याने तोंडावर हात फिरवला, सगळं तोंड काळं झालं, आणि तो हसायला लागला. "मुंबईलोंग लोके आपला कापूस अंगवर घालतस, ना तू इंजिनले पाजा!" मिस्तरींनाही हसू आवरेना. मला हसू येत नव्हतं. दादाचं हसणं थांबल्यावर तो मुकाट्याने पोती रस्त्याकडेला उतरवायला लागला. मला ते हसण्यापेक्षा जड गेलं. नोजल पुसून, गाळणीत मिस्तरींचं फडकं कोंबून आम्ही रिकामी जीप कशीबशी खाली आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा जत्रेत आबांकडे गेलो. ते एका घोडेवाल्याच्या तंबूत बसून कुणाच्या तरी घोडीचे खूर पाहत होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि काळ्या कापसाचा बोळा हातावर धरला. वाटलं, म्हणतील, बस झालं आता. त्यांनी बोळा घेतला, चिमटीत ओढला, धागा सुटताना पाहिला. व्यापारी पाहतात तसाच.

"हाऊ कोन भरा?"

"मी."

"बी.एस्सी. व्हयना ना तू?"

"व्हयनू."

"कापूस पिंजेल व्हस. पिंजेल ते सुटस." त्यांनी शेजारी पडलेला नमदा उचलला. घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली टाकतात तो लोकरीचा जाड, दाबून केलेला पट्टा. "हाई दाबेल शे. घोडाना घाम पेस, पन सुटत नही. वढी दख."

मी ओढून पाहिलं. एक तंतू निघाला नाही. जीप विकायला बसलेल्या माणसाने ती वाचवायचा उपाय माझ्या हातात दिला होता, आणि मला वाटतं तसं करताना जीप त्यांच्या मनात नव्हतीच. समोर वाईट काम दिसलं की आबांना ते बघवायचं नाही, एवढंच.

घोडेवाल्याने नव्या नमद्याचा एक तुकडा कापून दिला. दुपारी मिस्तरींनी त्यातून भांड्याच्या मापाच्या चकत्या कापल्या, डिझेलमध्ये दोनदा धुऊन पिळल्या आणि एकावर एक दाबून बसवल्या. "जुना लॉरीसमा असाच नमदा ऱ्हाये," ते आता म्हणाले. मी विचारलं, मग आधी का नाही बोललात? "तू पुस्तक वाचेल शे मास्तर," ते म्हणाले, आणि मान खाली घालून बोल्ट आवळत राहिले. चारही नोजल काढून साफ केली आणि दांड्याला तार बांधून ती दादाच्या सीटपाशी आणली.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा निघालो. ठेकेदार संध्याकाळी यायचा होता. निघताना आबा पुढच्या सीटवर येऊन बसले, कुणी बोलावलं नव्हतं. घाटात दादाने रस्त्याकडेची आमची पोती पुन्हा चढवली आणि पहिला गिअर टाकला. मी मागे मिठावर बसून नुसता आवाज ऐकत होतो. चारही सिलिंडर चालू होती. वळणावर जीप इतकी तिरपी झाली की आबांनी समोरची दांडी धरली, पण इंजिनाच्या आवाजात फरक नाही. पुढचं वळण, त्यापुढचं. दादा गाणं म्हणत नव्हता. घाटमाथ्यावर आल्यावर त्याने गाडी थांबवली नाही, फक्त एकदा लांब श्वास सोडला. तो मला मागेपर्यंत ऐकू आला.

धडगावला बाजार भरला होता. दादा पोती उतरवत होता. टोपलीत चारोळी घेऊन बसलेली एक बाई जीपपाशी आली आणि तिने तोडक्यामोडक्या अहिराणीत विचारलं, ही गाडी पुढच्या बाजाराला येणार का? तिला लेकीकडे शहाद्याला जायचं होतं. दादाने पोतं खांद्यावर तसंच धरलं. उत्तर द्यायचा हक्क त्याला होता की नव्हता, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

आबा टपाला टेकून उभे होते. "येई," ते म्हणाले. "पुढला बजारले येई. त्याना पुढलालेबी येई." मग दादाकडे न पाहता ते भाजीच्या रांगेकडे निघून गेले.

दादाने पोतं खाली ठेवलं, बॉनेट उघडलं आणि उगाच रेडिएटरमधलं पाणी पाहत बराच वेळ वाकून उभा राहिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "आठे काय उभा ऱ्हायना? ती बाईले इचार, कितला जन शेत. जागा धरी ठेव."

मी जाऊन विचारलं. ती, तिचा नवरा, दोन लेकरं आणि एक बकरी. मी दादाला तसं सांगितलं.

"बकरीले मांगे बांधसूत," दादा म्हणाला.